रात्रीचा रिस्क जॉब अडकला की लगेच किल मारू नका

बँकांच्या रिस्क टीमसाठी पायथॉनमध्ये काम करायला लागलात की हे कधीतरी वाट्याला येणारच. रात्री लावलेला मॉन्टे कार्लोचा (भावाचे असंख्य रँडम मार्ग काढून अंदाज घेणारा) जॉब सकाळी बघावं तर तसाच, एरर नाही, लॉगची शेवटची ओळ पहाटेची, आणि मार्केट उघडायच्या आत व्हॅल्यू ॲट रिस्कचे (किती तोटा होऊ शकतो त्याचे) आकडे हवेत म्हणून मॅनेजर डोक्यावर उभा. मग नवीन पोरं काय करतात, किल मारून रीस्टार्ट, आणि ज्यातून काही कळलं असतं तेच पुसून टाकतात.

आधी टॉप (कोणती प्रोसेस किती सीपीयू खाते ते दाखवणारी लिनक्स कमांड) लावा. वर्कर, म्हणजे काम वाटून घेतलेल्या प्रोसेस, सीपीयू खात असतील तर बहुतेक जॉब अडकलेला नाही, नुसता स्लो आहे (पायथॉनच्या नमपायच्या खालची ब्लास ही मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी प्रत्येक वर्करमध्ये आपापले थ्रेड काढते, मग 8 कोअरवर 64 थ्रेडची मारामारी). सगळेच शून्यावर असतील तर कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. मग पॅरेंटवर (वर्करना काम वाटणाऱ्या मूळ प्रोसेसवर) पाय-स्पाय डंप ही कमांड मारायची, चालू प्रोसेस बंद न करता स्टॅक, म्हणजे कोड कुठल्या ओळीवर थांबलाय ते, दिसतो. त्याला बहुतेक ठिकाणी रूट परमिशन लागते, ती आधीच मागून ठेवा, ऐनवेळी कोणी देत नाही.

आमच्याकडे पॅरेंट पूलच्या (पायथॉनच्या मल्टिप्रोसेसिंगमधल्या वर्करच्या गटाच्या) मॅप या कॉलवर रिझल्टची वाट बघत बसलेला आणि वर्कर सगळे निवांत, म्हणजे कामच शिल्लक नाही! खरी गोष्ट पीएसमध्ये (प्रोसेसची यादी) सुरू झाल्याची वेळ बघितल्यावर कळली: बाकीचे वर्कर रात्रीचे, एक मात्र पहाटेचा. जुना मेला आणि पूलने गुपचूप नवा आणून बसवला. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलचा लॉग) ओळ होतीच, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस. कर्नलने वर्कर मारला की मल्टिप्रोसेसिंगचा पूल जागा भरतो पण त्याच्या हातातलं काम हरवतं, आणि मॅप त्या रिझल्टची जन्मभर वाट बघतो.

मेमरी कुठे गेली तर हिशोब सोपा आहे, 1 लाख पाथ (भावाचे मार्ग) गुणिले वर्षाचे 252 ट्रेडिंग दिवस गुणिले 8 बाइट म्हणजे साधारण 200 एमबी, आणि 5 शेअरवरचं बास्केट ऑप्शन आलं की 1 जीबी, वर मधल्या ॲरेच्या कॉप्या वेगळ्या, आणि असे ट्रेड एकाच वेळी चार वर्करकडे गेले की झालं. टेस्ट डेटात असले ट्रेड नसतातच म्हणून तिथे सगळं छान चालतं.

माझं मत विचाराल तर अशा जॉबला मल्टिप्रोसेसिंगचा पूल नकोच, कन्करंट फ्युचर्सचा प्रोसेस पूल एक्झिक्युटर घ्या, वर्कर मेला की तो ब्रोकन प्रोसेस पूल म्हणून सरळ बोंब मारतो. फक्त त्यात उरलेली सगळी कामंही फेल होतात, तेव्हा मेमरी भरू नये म्हणून पाथ तुकड्यातुकड्याने चालवा आणि प्रत्येक ट्रेडचा रिझल्ट झाला की लगेच डिस्कवर लिहा, म्हणजे पुढच्या रनला राहिलेलेच ट्रेड घ्यावे लागतील.