आठवडाभर टेक्नॉलॉजीबद्दल वाचलेलं रविवारी वहीत कसं उतरवायचं

रविवारी सकाळचा चहा झाला की मी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावते आणि वही घेऊन तासभर बसते. गेली तीन वर्षं हे चालू आहे, मैत्रिणी विचारत असतात नक्की काय लिहितेस म्हणून, तर एकदा सविस्तरच सांगते. आपण आठवडाभर किती वाचतो बघा, यूपीआयचे नवे नियम, आधार, एआय, सायबर फ्रॉड, विजेचे नवे मीटर, काही पेपरातलं, काही ग्रुपवर आलेलं, आणि शनिवारी कोणी विचारलं तर तोंडातून निघतं काय, "हो हो, आलं होतं काहीतरी त्याबद्दल". माझ्या आजोबांची कात्रणांची वही होती. पेपरमधलं कापून खळीने चिकटवायचे आणि शेजारी पेन्सिलने दोन ओळी स्वतःच्या लिहायचे. कात्रणं आता पिवळी पडून तुटायला आलीत, पण त्या दोन ओळी मी अजूनही काढून वाचते. आपल्याला त्या दोन ओळीच लिहायच्या आहेत.

आधी आठवडाभराची तयारी. वाचलेलं दहा ठिकाणी सेव्ह करू नका, एकच जागा ठरवा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकते, आणि लिंकच्या खाली चार शब्द लिहायचेच की ही का ठेवली, "बाबांच्या पेन्शनसाठी", "सोसायटीत विचारायचं" असं काहीही. चार शब्द सुचले नाहीत तर लिंक ठेवायची नाही, इतकं सोपं. रविवारी त्यातल्या जास्तीत जास्त पाचच घ्यायच्या, पंधरा घेतल्या की नुसती हेडलाइन उतरवून होते आणि हात दुखतो तो वेगळाच.

आता मुख्य काम. त्या पाच लिंकांची नावं कागदावर लिहून घ्या आणि लिंक उघडू नका. काय वाचलं ते आठवून, आपण शेजारणीला सांगतो तशा भाषेत लिहा. आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते इथेच कळतं, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमधलं सांगते. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, दोन महिन्यांत करायचं असा आदेश १८ सप्टेंबरला निघाला, त्यावर मी आठवड्यात तीन बातम्या वाचल्या होत्या, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ते दरमहा १५०० रुपये मिळतात म्हणून लक्ष देऊन वाचल्या होत्या. रविवारी लिहायला बसले, "ई-केवायसी कंपल्सरी, दोन महिने, आधारचा ओटीपी येणार", आणि पेन थांबलं. ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येणार? तीन बातम्या वाचून मला ते सांगता येईना. परत उघडून वाचलं तेव्हा दिसलं की आधी बाईचा स्वतःचा आधार नंबर आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्याचाही ओटीपी. मावशींचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, वडील त्याआधीच गेले. सोमवारी त्या आल्यावर विचारलं तर आणखी एक निघालं, त्यांच्या आधारला जोडलेला नंबर ज्या सिमचा होता ते सिम केव्हाच बंद पडलंय.

म्हणजे वहीतल्या एका अडलेल्या ओळीतून दोन प्रश्न निघाले. सिमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आधारचा मोबाईल नंबर तेव्हा घरबसल्या वेबसाइटवरून बदलता येत नव्हता, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन करावं लागायचं, आणि त्याची फी १ ऑक्टोबर २०२५ पासून ५० ची ७५ रुपये झाली. मावशी गुरुवारी अर्धी सुट्टी घेऊन जाऊन आल्या. नवरा-वडील नसल्याच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कुठेच नव्हतं, सर्च केलं की नुसते व्हिडिओ, आणि योजनेच्या नावाने निघालेल्या खोट्या वेबसाइट. मी पानावर लिहिलं, "नवरा-वडील दोघं नाहीत, उत्तर नाही, दर रविवारी बघणे". असं लिहायला लाजू नका, उत्तर नाही हेसुद्धा वाचनातून हाती आलेलंच असतं. दर रविवारी बघत राहिले, नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि त्याच्याबरोबर हेही आलं की अशा बायकांनी स्वतःचं ई-केवायसी करायचं आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जमा करायची. दाखल्याच्या झेरॉक्स आम्ही आधीच काढून ठेवल्या होत्या कारण काहीतरी कागद लागणार हे दिसत होतं. मावशी पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्या घेऊन गेल्या, आणि येऊन मला म्हणाल्या, ताई, झालं. त्या दिवसापासून दर रविवारी प्रत्येक नोंदीखाली मी एक प्रश्न लिहितेच, आपल्या ओळखीत हे कोणाला लागू आहे, आणि तिथे माणसाचं नातं लिहायचं, आई, मावशी, वॉचमन काका, "सर्वसामान्य नागरिक" लिहायचं नाही.

तारीख टाकायला विसरू नका. टेक्नॉलॉजीची माहिती दुधासारखी नासते. माझ्या २०२४ च्या एका पानावर मोठ्या अक्षरात आहे, "ओएलएक्सवर काही विकताना समोरचा कलेक्ट रिक्वेस्ट (यूपीआयवर पैसे मागणारा मेसेज) पाठवतो, पैसे येतील असं वाटून आपण पिन टाकतो आणि आपलेच जातात". तेव्हा ते बरोबर होतं, सासऱ्यांना मी ते पानच वाचून दाखवलं होतं. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, दुकानदार-कंपन्यांची तेव्हा चालू ठेवली. मग जुन्या ओळीवर रेघ मारली, खोडून काळं नाही केलं, वाचता येईल अशी रेघ, आणि बाजूला नवी तारीख घालून बदल लिहिला. खाली एक ओळ तशीच ठेवलीय कारण ती अजून खरी आहे, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. दर तीन महिन्यांनी एक रविवार नवीन काही न लिहिता फक्त मागची पानं वाचायची आणि अशा रेघा मारायच्या, मला हा रविवार सगळ्यात जास्त आवडतो.

पाचातली एक गोष्ट तरी हाताने करून बघा. विजेचे टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर वेगळा मोजणारे मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत असं वाचलं तेव्हा मी वही घेऊन जिन्याखाली मीटरपाशी गेले, आपला मीटर बदललाय का तेच माहीत नव्हतं. बदलला होता. वर येऊन बिल उलगडून त्यात वेळेप्रमाणे युनिट वेगळे दाखवलेत ते शोधलं, आणि वॉशिंग मशीन सकाळी सातला लागायचं ते सुट्टीच्या दिवशी तरी साडेनऊला लावायचं ठरवलं. फार मोठी बचत नाही, पण आता बिल मला वाचता येतं.

एआयचं काय, असं बऱ्याच जणी विचारतात, चॅटजीपीटीला लिंक दिली की सारांश मिळतो मग हे कशाला. माझं मत स्पष्ट आहे, आधी स्वतःचं लिहून व्हायला पाहिजे. त्याचा सारांश गुळगुळीत येतो, सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि पेन अडायची जी जागा असते ती येतच नाही. स्वतःचं लिहून झाल्यावर वापरा ना, एखादा शब्द अडला तर विचारा, तारीख आणि आकडा मात्र मूळ परिपत्रकात नाहीतर पेपरात बघूनच वहीत घ्या.

वही साधी दोनशे पानी घ्या, डाव्या पानावर नोंदी आणि उजवं पान रिकामं, पुढचे बदल तिथे येतात. शेवटी घरात कोणालातरी एक नोंद मोठ्याने वाचून दाखवा. माझी मुलगी आठवीत आहे, ती ऐकता ऐकता मधेच "म्हणजे काय" विचारते आणि तिथे मला परत लिहावं लागतं.

या रविवारच्या पानावर सध्या हे आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने. कोणाला लागू, तर आमच्या गेटवरच्या अ‍ॅपला, जे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा फोटो आणि नंबर घेतं. ते फोटो किती दिवस ठेवतात आणि कोण बघतं हे वॉचमन काकांना माहीत नाही, सेक्रेटरींनाही सांगता आलं नाही. उजव्या पानावर लिहून ठेवलंय, "सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारणे".