ब्राउझर खरंच बंद करायला बसण्याआधी

खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहणारा ब्राउझर पुरता बंद करायचं काम मी मागच्या दिवाळीत चिपळूणला बाबांच्या लॅपटॉपवर केलं आणि फुशारकीनं पुण्याची एसटी पकडली. खंबाटकीच्या अलीकडेच फोन आला, "अरे, ते तुझं परत आलंय बघ. पंखा घोंघावतोय." मी क्रोममधला स्विच बंद केला होता, टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज चालू प्रोग्रॅम जिथे दाखवतं तिथे, क्रोमच्या ओळी गेलेल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. फक्त लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करून पाहिला नव्हता. रीस्टार्ट झाल्याबरोबर दुसरा एक ब्राउझर, ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आपणहून उठून बसला. म्हणून या खेपेला निघण्याआधी यादी लिहून काढली. तुम्हीही कुणाच्या घरी एका दुपारीत हे उरकणार असाल तर वाचून जा.

चार्जर घ्या. लॅपटॉपचा पिन विचारून ठेवा, कारण रीस्टार्टनंतर तोच लागणार आहे आणि "पिन आईला माहीत आहे, आई देवळात गेली आहे" हेही माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सकाळी पोचल्यापोचल्या विंडोजचे अपडेट उरकून घ्या. पॉवरच्या बटणात 'अपडेट अँड रीस्टार्ट' असं दिसत असेल तर ते तेव्हाच होऊ द्या, चहा-पोहे होईपर्यंत चालू दे त्याचं. मी मागच्या वेळी रीस्टार्ट का टाळला? साडेचारची गाडी होती, चार वाजले होते आणि ते अपडेट टक्केवारी मोजत बसलं असतं. रीस्टार्टच्या वाटेत असा जो काही धोंडा असेल तो आधी बाजूला करा. शेवटी रीस्टार्ट करायचाच आहे.

मग घरच्यांना विचारा की ब्राउझर बंद असतानाही त्यांना कशाकशाच्या सूचना येतात. कॅलेंडरची आठवण, शेअरच्या भावाची घंटी, कुठल्या साइटची नोटिफिकेशन. क्रोम खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहतो तो बहुधा अशाच एखाद्या एक्स्टेन्शनसाठी (ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्रॅम) किंवा वेबॲपसाठी. तो पुरता बंद झाला की या सूचनाही थांबतात. हे आधी सांगितलं नाही तर आठवड्याने "तू काहीतरी बिघडवून गेलास" हे ऐकावं लागतं.

अर्धवट भरलेले अर्ज, चालू डाउनलोड यांची चौकशी करा. टास्क मॅनेजरमध्ये 'एंड टास्क' दाबून ब्राउझर जबरदस्तीनं बंद केला की गेलं ते गेलं.

आता प्रत्यक्ष काम. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात वर टोक असलेला छोटा बाण असतो. तो उघडला की आत लपलेले आयकॉन दिसतात, त्यात क्रोमचं चक्र असेल तर फुलीवर टिचकी मारूनही तो जागाच आहे. त्याच्यावर राइट क्लिक केलं की मागे काय चालू आहे ते कळतं आणि बाहेर पडायचा पर्यायही तिथेच मिळतो. पण तेवढ्यावर थांबू नका, मूळ स्विच सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' या भागात आहे. शोधपट्टीत 'बॅकग्राउंड' टाका, क्रोम बंद केल्यावरही ॲप चालू ठेवण्याबद्दलची एक ओळ येईल, ती बंद करा. ब्रेव्ह या ब्राउझरचं घराणं तेच, तिथेही 'सिस्टीम'मध्येच शोधा.

क्रोम उघडा असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या दहा-पंधरा ओळी दिसल्या तर घाबरू नका. तो 2008 साली आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्यांमध्ये चालवतो, पुढे एक्स्टेन्शनही, एक कोसळला तर बाकीचे टिकावेत म्हणून. आपली तक्रार आहे ती सगळ्या खिडक्या मिटल्यावरही उरणाऱ्या ओळींबद्दल. कुठलं एक्स्टेन्शन खातंय हे बघायचं असेल तर क्रोमच्या आतच शिफ्ट-एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो.

एज, विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर. इथे दोन स्विच आहेत, दोन! एक क्रोमसारखाच, बंद केल्यावर एक्स्टेन्शन आणि ॲप चालू ठेवणारा. दुसरा 'स्टार्टअप बूस्ट', 2021 साली आलेला. ब्राउझर पटकन उघडावा म्हणून तो साइन-इन होताच एजच्या मोजक्या प्रोसेस आधीच उठवून ठेवतो. म्हणजे तुम्ही एज कधी उघडलाच नसेल तरी तो हजर. "आम्ही एज वापरतच नाही" असं घरचे सांगतील, तरी तो उघडून दोन्ही स्विच बंद करा. पहिला बंद करून दुसरा राहिला तर त्या क्षणी यादी स्वच्छ दिसूही शकेल, चोर सापडेल रीस्टार्टनंतर. म्हणून म्हणतो, रीस्टार्ट.

आणि नीट करा. लॅपटॉप सुरू होऊ द्या, पिन टाका, दोनेक मिनिटं हात बांधून बसा. काहीही उघडू नका, "जरा मेल बघतो" नको. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत ब्राउझर नाही? झालं. आहे? मग टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये बघा. शिवाय विंडोजच्या साइन-इन पर्यायांमध्ये एक भानगड आहे, आधी उघडी असलेली ॲप पुन्हा साइन-इन केल्यावर आपोआप उघडणारी, ती चालू असेल तर बंद करा. नंतर परत रीस्टार्ट. हो, परत. शट डाउन करून चालू केलं तर चालणार नाही का, असं बाबांनी विचारलं होतं. नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवलेला असतो, पुरता मिटलेला नसतो. रीस्टार्टमध्ये तो पहिल्यापासून उठतो.

ज्यांना हात लावायचा नाही असे दोघं. 'एज वेबव्ह्यू टू' नावाच्या ओळी एजसारख्या दिसतात, पण त्या दुसऱ्याच ॲपच्या असतात. मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखी ॲप आपली पानं त्यावर दाखवतात, त्या मारल्या तर ती ॲप कोसळतील. दुसरे म्हणजे ब्राउझरचे अपडेटर. साफसफाईच्या भरात ते काढून टाकले तर सुरक्षेचे अपडेट येणं थांबेल, आणि म्हाताऱ्या माणसांच्या लॅपटॉपवर तेच सगळ्यात जास्त लागतात.

लॅपटॉप दोघा-चौघांचा असेल, सोसायटीच्या ऑफिसात असतो तसा, तर हे काम टाळूच नका. काही साइटचं लॉगिन ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकावं अशी सोय असते. क्रोम मागे चालू राहिला तर ते लॉगिनही जिवंत राहू शकतं, फुली मारून गेलेल्याला वाटतं आपण बाहेर पडलो. लॉगआउट करायची सवय हवीच, पण सगळ्यांना असते कुठे?

फायरफॉक्स क्रोमसारखा मागे बसून राहत नाही. बंद केल्यावर काही सेकंद दिसला तर थांबा, फारच अडून बसला तर एंड टास्क. विंडोजवर तो बंद असतानाही अपडेटपुरता अधूनमधून उठतो, उठू दे.

मॅकवर लाल ठिपका फक्त खिडकी मिटवतो. ब्राउझर पुरता बंद करायला कमांड-क्यू. डॉकमध्ये आयकॉनखालचा ठिपका गेला की गेला.

ऑफिसच्या लॅपटॉपवर स्विच करडा दिसला आणि हलत नसेल तर तो आयटीवाल्यांनी ठरवलेला आहे, त्यांना सांगा.

मोबाइलचं या यादीत नाही.

गाडीच्या वेळेआधी एक तास मोकळा ठेवा, रीस्टार्टसाठी.