मार्चमध्ये ताडोबाला जाताना

मंगळवारी ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो. हे विसरून आम्ही एकदा मोहर्लीत, ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी, दिवसभर नुसता चहा पीत बसलो, म्हणून आधी वार बघा. मार्चमध्ये पळस पेटलेला असतो, पण पहाटे उघड्या जिप्सीत कानटोपी लागतेच. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर नको. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. बरंच आहे ते! राहायची जागा ठरवताना विचारा, कामाला गावातली माणसं आहेत का, रात्री दिवे मंद करता का. गाइडला "वाघ दाखवाच" म्हणून पिडू नका, त्या घाईतच गाड्या वाघाची वाट अडवतात. त्यापेक्षा पाणवठ्याजवळ इंजिन बंद करायला सांगा आणि वाघाची चाहूल लागली की सांबर ओरडतं, त्या इशाऱ्याकडे कान ठेवा. परतताना बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसतील. तिथे गाडी हळू.