‘४२’ म्हणजे १९४२ नव्हे: जुन्या ल्यूगरवरचे ठसे कसे वाचावेत

पिस्तूल रिकामं आहे, कागदपत्रं चोख आहेत आणि हातात चांगलं भिंग आहे, असं धरून चालतो. पॉलिश आणि तारेचा ब्रश मात्र लांब ठेवा. घासून गेलेला ठसा परत येत नाही.

ल्यूगर पी०८ या जर्मन पिस्तुलाचा टॉगल, म्हणजे वरचा कोपरासारखा दुमडणारा सांधा, आधी बघा. एकमेकांत गुंतलेली डीडब्ल्यूएम ही अक्षरं म्हणजे बर्लिनचा कारखाना. मुकुट आणि खाली एरफुर्ट म्हणजे प्रशियाचं सरकारी शस्त्रागार. इथं डोकं चालवावं लागत नाही.

डोकं चालवावं लागतं ते ४२ या आकड्यापाशी. मला एका विक्रेत्याने ‘१९४२चं’ म्हणून ल्यूगर दाखवलं. टॉगलवर ४२, पण चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भागावर, स्वच्छ १९३९. विचारलं, तर म्हणाला, वरचा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा बसवलाय. मी मान डोलावली आणि सगळे नंबर जुळणारं अस्सल पिस्तूल जोडतोड समजून परत ठेवलं! आजही आठवलं की चडफडायला होतं.

टॉगलवरचं ४२ हा माउझर कारखान्याचा गुप्त संकेत आहे. १९३४ पासून तो ‘एस/४२’ असा येई, पुढे नुसता ४२ झाला आणि १९४१ मध्ये त्याच्या जागी ‘बीवायएफ’ आलं. साल शोधायचं ते चेंबरवर. तिथे ‘के’ असेल तर १९३४, ‘जी’ असेल तर १९३५. टॉगलवर ‘बीवायएफ’ आणि चेंबरवर ४२ असेल, तर तेवढ्यापुरतं ते खरंच १९४२. ट्रिगर, सेफ्टीची कळ, बाजूची पट्टी यांवर दिसणारं ४२ मात्र अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. वॉल्थर पी३८ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलावर ‘एसी’ या वॉल्थरच्या संकेताखाली ४२ असेल, तर ते पुन्हा साल! म्हणून आकडा वाचण्याआधी तो कुठे मारलाय ते बघा. ‘४२ दिसलं की युद्धकाळातलं’ असं सांगणाऱ्याचं बाकीचंही ऐकू नका.

चेंबरवर १९१७ आणि १९२० अशी दोन सालं दिसली तर घाबरू नका. १९१७ हे बनावटीचं साल. १९२० हा पहिल्या महायुद्धानंतरच्या सरकारने मारलेला मालकीचा ठसा.

उजव्या बाजूचे गरुडाचे बारीक ठसे तपासनिसांचे. गरुडाखाली ६३, ६५५ किंवा १३५ असेल तर माउझर, ३५९ असेल तर वॉल्थर.

अनुक्रमांक उतरवताना त्याखालचं छोटं अक्षर सोडू नका. दहा हजार झाले की पुन्हा एकपासून मोजणी आणि पुढे ए, बी, सी. अक्षर गाळलंत तर एकाच वर्षाची दोन पिस्तुलं एकाच नंबराची ठरतील. हे अक्षर मॅगझिनच्या बुडाशीही ताडून बघा. अदलाबदल सर्वात जास्त तिथेच होते.

राहिली मुठीची पुढची पट्टी. तिथे ‘१०.आर.५.२३.’ असं काही कोरलेलं असेल, तर पायदळाची १०वी रेजिमेंट, ५वी कंपनी, हत्यार क्रमांक २३.