कयाक पाण्यात ढकलायच्या आधी काय काय ठरवून ठेवायचं

कयाक म्हणजे पॅडलने वल्हवायची छोटी निमुळती होडी, ती घेऊन निघताना सामानाची यादी सगळेच करतात, लाईफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचा पंप, एक जादा पॅडल, ड्राय बॅगमध्ये कोरडे कपडे, ते घ्याच, आणि जॅकेट सीटमागे खोचून नाही तर अंगात, बक्कल लावून, यावर वाद नको. पण खरी तयारी म्हणजे काय झालं की मागे फिरायचं हे किनाऱ्यावरच ठरवणं, कारण दोन तास पॅडल मारल्यावर "आता एवढे आलोच आहोत तर" हे भूत मानगुटीवर बसतंच.

आधी वारा बघा, नुसता किती ते नाही, कुठून येतोय आणि दुपारी काय होणार तेही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा, किनाऱ्यालगत पाणी एकदम शांत, जाताना वाटतं आज काय हात चाललाय आपला, आणि परत यायला वळलात की कळतं तो हात वाऱ्याचा होता. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो हे लक्षात असू द्या. मग भरती-ओहोटी. साधारण सहा तासांची भरती असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासातच जवळपास निम्मं पाणी चढतं, म्हणजे ओढ तेव्हा सगळ्यात जास्त. आपण निवांत मारतो ताशी 5 किलोमीटर, समोरून 3 नॉटचा प्रवाह आला तर तो ताशी साडेपाच किलोमीटर, करा हिशोब. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा उभ्या राहतात, तिथे नवख्याने जाऊच नये.

कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे, ऊन कितीही असो. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर पडल्या पडल्या पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, आणि खूपच गार असेल तर दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. म्हणून उलटल्यावर परत चढायची प्रॅक्टिस त्याच कपड्यांत, काठाजवळ, कोणीतरी सोबत असताना करा, व्हिडिओ बघून येत नाही ते. नदीत असाल तर बुटका बंधारा आणि पाण्यात पडलेलं झाड दिसलं की लांबूनच बाहेर या, आणि जोराच्या धारेत पाय टेकून उभं राहू नका, दगडात पाय अडकला तर धार माणसाला खाली दाबते.

ग्रुप असेल तर सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल तेवढंच. "मला नको वाटतंय" असं एकाने म्हटलं की विषय संपला, कारण विचारत बसायचं नाही.

घरी एकाला मार्ग, परतायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची हे लिहून द्या.

मी अजून एक करतो, निघताना वारा, लाटा आणि परतायची वेळ यांचा आपला अंदाज वहीत लिहितो आणि आल्यावर शेजारी खरं काय झालं ते. वाऱ्याचा आताशा बऱ्यापैकी जमतो, परतीचा वेळ मात्र अजूनही दरवेळी कमीच धरतो, त्यामुळे हल्ली त्यात सरळ एक तास वाढवूनच घरी सांगतो.