फायर अलार्मचे चाइम आणि स्ट्रोब: हिशोब लाइनच्या टोकापासून

फायर अलार्मच्या पॅनलवर, म्हणजे नियंत्रण पेटीवर, हिरवा दिवा लागला आणि टेस्टला सगळे स्ट्रोब, म्हणजे इशाऱ्याचे चमकणारे दिवे, चमकले, की काम झालं असं वाटतं. पण ती टेस्ट घेताना मेन्स चालू असतो आणि बॅटरी नवी असते. आग लागेल तेव्हा वीज जाऊन कदाचित दिवस उलटलेला असेल आणि बॅटरी तळाला आलेली असेल. त्या अवस्थेत लाइनच्या टोकाला बसलेल्या दिव्याला पुरेसं व्होल्टेज पोहोचतं का, यावरून केबलची जाडी, एका सर्किटवरच्या उपकरणांची संख्या आणि पॉवर सप्लायची जागा ठरते. म्हणून आखणी टोकाकडून पॅनलकडे करायची.

इथला हिशोब २४ व्होल्ट डीसीच्या, दोन तारांच्या नोटिफिकेशन सर्किटचा, म्हणजे चाइम आणि स्ट्रोब चालवणाऱ्या लाइनचा आहे. आवाजाचे आणि उजेडाचे नियम एनएफपीए ७२ या अमेरिकी प्रमाणातले आहेत. जिथे ईएन ५४ ही युरोपीय मालिका लागू आहे तिथे पद्धत वेगळी, ती ओघात येईल. कोणतं प्रमाण लागू आहे हे स्थानिक अग्निशमन यंत्रणेकडून आधी लेखी घ्या, मगच सामान मागवा.

चाइम कुठे चालतो

चाइम म्हणजे घंटीसारखा सूर देणारं उपकरण. त्याचा आवाज मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. रुग्णालयाच्या वॉर्डात, जिथे रुग्णांना हलवण्याचं काम प्रशिक्षित कर्मचारी करतात, तिथे सगळ्यांना दचकवण्यापेक्षा कर्मचाऱ्यांना कळणं महत्त्वाचं. अशा ठिकाणी तिथल्या नेहमीच्या सरासरी आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त आवाज पुरतो. लोकांनी स्वतः बाहेर पडायचं असेल तिथे १५ डेसिबल जास्त लागतो, किंवा ६० सेकंद टिकणाऱ्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो धरायचा. तिथे चाइम सहसा कमी पडतो, हॉर्नच लावा. कमाल मर्यादा ११० डेसिबल. झोपायच्या खोलीत उशीपाशी ७५ डेसिबल हवेत, आणि तिथे ५२० हर्ट्झचा खालचा सूर देणारं उपकरण लागतं.

डेटाशीटवरचा आकडा किती अंतरावरचा आहे ते बघा. काही उत्पादक ३ मीटरवरचा देतात, तर ईएन ५४-३ नुसार मोजणारे १ मीटरवरचा. तोच आवाज १ मीटरवर मोजला तर साडेनऊ डेसिबलने मोठा दिसतो, त्यामुळे दोन कॅटलॉग शेजारी ठेवून तुलना करताना हमखास फसगत होते. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३ मीटरवर ७५ देणारा चाइम ६ मीटरवर ६९ आणि १२ मीटरवर ६३ देईल. मध्ये बंद दार आलं तर साधारण २० डेसिबल आणखी वजा करा, जड अग्निरोधक दार असेल तर ३०. म्हणजे वॉर्डात छान ऐकू येणारा चाइम बंद बाथरूममध्ये ऐकू येणारच नाही. तिथे वेगळं उपकरण लावावं लागतं.

खरेदी करतानाच आणखी एक फरक तपासा. एक ठोका देणारा यांत्रिक चाइम वीज मिळाली की एकदाच वाजतो. पुन्हा वाजायला वीज तुटून पुन्हा यावी लागते, म्हणजे सर्किट तालात चालू-बंद करावं लागतं. अशा सर्किटवर स्ट्रोब लावायचा नाही. स्ट्रोबला सलग वीज हवी असते, तुटक वीज मिळाली तर तो वाटेल तसा चमकतो किंवा चमकतच नाही. इलेक्ट्रॉनिक चाइम सूर स्वतः तयार करतो आणि सलग विजेवर चालतो, म्हणून चाइम-स्ट्रोब एकत्र हवा असेल तर तोच घ्या.

स्ट्रोबची जागा आणि कँडेला

भिंतीवर स्ट्रोबची पूर्ण काच जमिनीपासून २.०३ ते २.४४ मीटरच्या पट्ट्यात आली पाहिजे. नुसत्या चाइमचा किंवा हॉर्नचा वरचा काठ जमिनीपासून किमान २.२९ मीटर वर आणि छतापासून किमान १५० मिलिमीटर खाली. दोन्ही एकाच डब्यात असतील तर स्ट्रोबचा नियम पाळायचा.

चौरस खोलीत भिंतीवरच्या एका स्ट्रोबसाठी किमान कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) असे:

- ६.१ मीटर बाजू: १५
- ९.१ मीटर: ३४
- १२.२ मीटर: ६०
- १५.२ मीटर: ९४

खोली लांबट असेल तर लांब बाजू धरा. दिवा भिंतीच्या मध्यावर नसेल तर समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर आणि बाजूच्या लांबच्या भिंतीपर्यंतच्या अंतराची दुप्पट, यांतला मोठा आकडा धरा. सोयीचा बॉक्स कोपऱ्यात मिळाला म्हणून दिवा तिथे सरकवला, की १५ कँडेलाचं काम ६० वर जातं, ते या दुपटीमुळे. छतावर लावायचा असेल तर उंचीही मोजावी लागते: ६.१ मीटरच्या खोलीला ३ मीटर उंच छतावर १५ कँडेला पुरतात, ६.१ मीटर उंच छतावर ३० लागतात.

कॉरिडॉर ६.१ मीटरपर्यंत रुंद असेल तर १५ कँडेलाचे दिवे चालतात. टोकापासून पहिला दिवा ४.५७ मीटरच्या आत आणि दोन दिव्यांत जास्तीत जास्त ३०.५ मीटर. झोपायच्या खोलीत दिवा छतापासून ६१० मिलिमीटर किंवा जास्त खाली असेल तर ११० कँडेला, त्याहून वर असेल तर १७७, कारण छताखाली आधी धूर साठतो आणि उजेड अडतो.

ईएन ५४-२३ मध्ये कँडेलाऐवजी व्याप्ती छापलेली असते. डब्ल्यू-२.४-६ म्हणजे भिंतीवर २.४ मीटर उंचीवर लावलेला दिवा ६ मीटर बाजूची चौरस खोली व्यापतो. सी-३-७.५ म्हणजे ३ मीटर उंच छतावरून ७.५ मीटर व्यासाचं वर्तुळ.

व्होल्टेज ड्रॉप

संपत आलेल्या बॅटरीवर पॅनल २०.४ व्होल्ट देतं असं धरतात. बहुतेक २४ व्होल्टच्या उपकरणांची खालची मर्यादा १६ व्होल्ट. म्हणजे केबलमध्ये गमवायला हातात ४.४ व्होल्ट आहेत. पॅनलच्या माहितीपत्रकात यापेक्षा कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा.

एका सर्किटवर सगळ्या उपकरणांचा मिळून दीड अँपिअर प्रवाह आहे आणि शेवटचा दिवा १३० मीटरवर आहे, असं समजा. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. जाणारी आणि येणारी तार मिळून २६० मीटर, म्हणजे ३.१५ ओहम. दीड अँपिअरने गुणलं की ४.७ व्होल्ट गेले, टोकाला उरले १५.७. हे सर्किट नापास. हीच लाइन २.५ चौरस मिलिमीटर केबलने ओढली तर रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, ड्रॉप २.९ व्होल्ट, टोकाला साडेसतरा. पास.

या हिशोबात सगळा भार टोकाला आहे असं धरलंय, त्यामुळे उत्तर थोडं कडक येतं. ते तसंच राहू द्या. प्रत्येक उपकरणाचा प्रवाह डेटाशीटमधल्या १६ व्होल्टच्या रकान्यातून घ्या, २४ च्या नाही: स्ट्रोब ठरलेली ऊर्जा ओढतो, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की त्याचा प्रवाह वाढतो. कँडेलाची सेटिंग बदलली की हिशोब पुन्हा करायचा. एकाच स्ट्रोबचा प्रवाह १५ वरून ११० वर नेल्यावर तिप्पट होऊ शकतो, आणि जागेवर 'जरा उजेड वाढव' म्हणून फिरवलेल्या त्या छोट्या खटक्याने चांगली लाइन नापास होते.

बॅटरीचं गणित सोपं आहे. साध्या अलार्मला सहसा २४ तास स्टँडबाय (अलार्म नसताना नुसतं सज्ज राहणं) आणि त्यानंतर ५ मिनिटं अलार्म धरतात. स्टँडबायला ०.२५ अँपिअर म्हणजे ६ अँपिअर-तास, अलार्मला २.२ अँपिअर म्हणजे ०.१८, एकूण ६.१८, त्यात २० टक्के वाढवा, ७.४ झाले. ७ ची बॅटरी कमी पडली, पुढचा साइज घ्या. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, दोन्ही एकाच वयाच्या.

जोडणी

मेन्स आणि बॅटरी दोन्ही काढल्याशिवाय वायरला हात लावू नका. झेनॉन ट्यूबच्या स्ट्रोबमध्ये कपॅसिटर असतो आणि वीज काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो, त्यामुळे उघडं सर्किट बोर्ड हातात धरू नका.

केबल अग्निरोधक घ्या आणि धातूच्या क्लिपांनीच आवळा. प्लास्टिकच्या क्लिपा गरम झाल्या की सुटतात आणि केबल बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेत लोंबते. मेन्सच्या केबलबरोबर एकाच कंड्युटमध्ये ती ओढू नका.

स्टँडबायमध्ये पॅनल सर्किटवर उलट्या पोलॅरिटीचा छोटा प्रवाह सोडतं. उपकरणातला डायोड तो अडवतो, त्यामुळे प्रवाह फक्त टोकाच्या रेझिस्टरमधून, म्हणजे ईओएलमधून परततो. तार तुटली की हा प्रवाह थांबतो आणि पॅनल फॉल्ट दाखवतं. अलार्मला पोलॅरिटी पालटते आणि उपकरणं चालू होतात. ही युक्ती लक्षात ठेवली की जोडणीचे नियम आपोआप कळतात:

येणारी आणि जाणारी तार टर्मिनलवर वेगवेगळी लावा. अखंड तारेचं इन्सुलेशन सोलून तिचा फास स्क्रूखाली अडकवला, तर स्क्रू ढिला झाल्यावर ते उपकरण मरतं, पण पुढे रेझिस्टरपर्यंतची वाट शाबूत असल्याने पॅनल गप्प बसतं. मध्येच फाटा काढू नका, फाट्यावरची तार कुणी राखत नाही. (अ‍ॅड्रेसेबल लूपवरच्या, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असलेल्या उपकरणांचे नियम वेगळे, तिथे लूपची प्रवाहमर्यादा आणि बिघडलेला तुकडा वेगळा पाडणारे आयसोलेटर बघायचे.) ईओएल शेवटच्या उपकरणातच हवा, आणि त्याची किंमत पॅनलच्या माहितीपत्रकातली. २.२, ४.७, १० किलोओहम असे वेगवेगळे असतात, खिशातला जुना चालत नाही. फॉल्ट जात नाही म्हणून ईओएल पॅनलमध्येच टर्मिनलवर लावून टाकणं ही या धंद्यातली सर्वांत वाईट खोड आहे: पॅनल खूश, बाहेरची सगळी लाइन बेवारस. पॅनलमध्ये रेझिस्टर फक्त न वापरलेल्या सर्किटच्या टर्मिनलवर शोभतो.

वीज देण्याआधी सर्किट पॅनलपासून सोडवा. मल्टिमीटरचं लाल टोक ऋण तारेला आणि काळं धन तारेला लावून रोध मोजा. ईओएलच्या जवळपास आकडा यायला हवा. फार कमी आला तर कुठेतरी उपकरण उलटं जोडलंय किंवा तारा चिकटल्यात. अनंत आला तर तार तुटलीय. मग प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात मोजा, तिथे सर्किट उघडंच दिसलं पाहिजे. मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारं मीटर) उपकरणं जोडण्याआधीच मारा, नंतर मारला तर उपकरणं जातील.

पॅनलमधली सेटिंग

लोकांनी बाहेर पडण्याच्या इशाऱ्याचा ताल आयएसओ ८२०१ मध्ये ठरलेला आहे: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा, तिसऱ्या आवाजानंतर दीड सेकंद थांबा. हा ताल एकतर उपकरण देईल किंवा पॅनल. दोन्हीकडे चालू ठेवला तर ताल तालात बसत नाही आणि स्ट्रोब अडखळतात. उपकरणात ताल निवडला असेल तर पॅनलचं आउटपुट 'सलग' ठेवा.

एकाच नजरेत दोनपेक्षा जास्त स्ट्रोब दिसत असतील तर ते एकत्र चमकले पाहिजेत. प्रत्येकाचा वेग सेकंदाला १ ते २ चमका असतो, पण वेगवेगळ्या वेळी चमकले तर डोळ्याला एकत्रित वेग फार वाढतो आणि प्रकाशाने झटके येणाऱ्या माणसाला धोका होतो. एकत्र चमकण्याची खूण, म्हणजे सिंक, पॅनल किंवा वेगळं मॉड्यूल देतं, आणि ती प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. एका भागात दोन कंपन्यांचे स्ट्रोब मिसळले तर सेटिंग कितीही बदला, ते एकत्र येणार नाहीत. दोन सर्किटचे दिवे एका दालनात दिसत असतील तर दोन्ही सर्किट एकाच सिंकवर घ्या.

'सायलेन्स' दाबल्यावर चाइम थांबावा आणि स्ट्रोब चालू राहावा असं हवं असेल, तर दोन तारांवर ते सिंक प्रोटोकॉलमुळेच शक्य होतं. नाहीतर उपकरणातले जंपर काढून चाइम आणि स्ट्रोब यांना वेगळी सर्किट द्या. नवा अलार्म आला की आवाज पुन्हा सुरू होतो ना, तेही पाहा.

तपासणी

इमारतीतल्या लोकांना आणि निरीक्षण केंद्राला आधी कळवा. मेन्स बंद करून बॅटरीवर अलार्म द्या. पॅनलच्या टर्मिनलवर आणि शेवटच्या उपकरणावर व्होल्टेज मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा खरा ड्रॉप, तो २०.४ मधून वजा करा. उत्तर साडेसोळाच्या आसपास रेंगाळलं तर समाधान मानू नका, उतरत्या व्होल्टेजवर प्रवाह वाढणार आहे. मग साउंड मीटर ए-वेटिंगवर (माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक खोलीत, दारं बंद करून आवाज घ्या. शेवटी अलार्म रिसेट करून प्रत्येक उपकरणाची एकेक तार सोडवा. दर वेळी पॅनलवर फॉल्ट आलाच पाहिजे.

स्ट्रोबच्या काचेवरचं धूळ-झाकण काढलंय का आणि रंगाऱ्याचा ब्रश फिरलाय का ते बघा. रंग लागलेला स्ट्रोब पुसू नका, बदला. प्रत्येक दिव्याची कँडेला सेटिंग आणि शेवटच्या उपकरणावर मोजलेलं व्होल्टेज नकाशावर लिहून तो पॅनलच्या दारात ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा एका व्होल्टने घसरलेला दिसला, तर आधी बॅटरी आणि मग ढिले स्क्रू शोधायचे.