दुधाशिवाय दाट, मऊ ग्रेव्ही घरी कशी करावी

पांढरी ग्रेव्ही हा मुळात साधा पदार्थ. लोण्यात मैदा भाजायचा, दूध ओतायचं, मीठ आणि सढळ हाताने मिरपूड घालून शिजवायचं. कुस्करलेल्या बटाट्यावर, पावावर किंवा भाजलेल्या भाज्यांवर ती गरम ओतली की दमून आलेलं माणूस मुकाट्याने जेवतं. पण घरात कुणाला दूध चालेनासं झालं की तीनपैकी दोन मुख्य जिन्नस एकदम बाद होतात आणि उरतो नुसता मैदा.

माझ्या बहिणीच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. त्याच्यासाठी म्हणून मी ही ग्रेव्ही करायला घेतली तेव्हा लोण्याऐवजी तेल आणि दुधाऐवजी बदामाचं दूध, दोन्ही मोजून तेवढंच घातलं. जे तयार झालं ते पातळ, गोडसर आणि पिठूळ होतं. त्याने काही न बोलता दोन घास खाल्ले. बाकीच्यांच्या ताटात वेगळी ग्रेव्ही आणि त्याच्या ताटात ही, हे वाढताना मला फार जिवावर आलं. त्यानंतर बऱ्याच खटपटीने जी पद्धत बसली ती इथे देते आहे. आता घरात एकच ग्रेव्ही होते आणि ती सगळ्यांनाच वाढते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दूध आणि लोणी ग्रेव्हीत बरीच कामं करत असतात आणि ती सगळी पेलणारा एकच पर्याय मिळत नाही. ती कामं वेगवेगळ्या जिन्नसांना वाटून द्यावी लागतात.

दूध का चालत नाही, हे आधी विचारा

कुणाला लॅक्टोज पचत नाही, तर कुणाला दुधाची ॲलर्जी असते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी पडलं की पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात. अशा माणसाला थोडं लोणी बहुधा त्रास देत नाही, कारण त्यात लॅक्टोज फारच कमी असतं. ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनांवर उलटते. तिथे चमचाभर लोणीही धोक्याचं ठरू शकतं, तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो आणि ‘लॅक्टोज-फ्री’ दूध मुळीच चालत नाही, कारण त्यातून साखर काढलेली असते, प्रथिनं तशीच असतात. शेळीचं दूधही पर्याय नाही. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर बहुतेक वेळा फरक करत नाही.

ॲलर्जी असेल तर विकतच्या प्रत्येक वस्तूवरची घटकांची यादी वाचायचीच. केसिन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स, बटरमिल्क पावडर यांतला एखादा शब्द दिसला तरी ती वस्तू परत जागेवर ठेवा. स्टॉकच्या वड्या, मार्गारिन, सॉसेज, पाव यांत दुधाचा अंश असू शकतो. ‘नॉन-डेअरी’ असं छापलेल्या कॉफी क्रीमरमध्येसुद्धा सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधापासूनच बनतं.

कोणतं काम कुणाला द्यायचं

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेला थोडासा दुधाचा घन भाग. भाजताना जो खमंग वास येतो तो या घन भागाच्या तांबूस होण्याचा. म्हणजे लोण्याच्या जागी तेल घ्यायचं तर एक पंचमांश कमी घ्यावं, आणि हरवलेला खमंगपणा दुसरीकडून आणावा. माझ्याकडे ते काम कांदा करतो.

दूध ग्रेव्हीला पांढरेपणा, जिभेवरचा भरीव मऊपणा आणि किंचित गोडवा देतं. वनस्पतींच्या दुधांपैकी सोया दूध या कामाला सगळ्यात जवळचं, कारण त्यात गाईच्या दुधाइतकीच, साधारण ३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ओट दूध मऊपणा छान देतं, पण ते करताना ओटमधल्या स्टार्चचं काही प्रमाणात साखरेत रूपांतर होतं. त्यामुळे वरून साखर घातलेली नसली तरी ते गोडसर लागतं, आणि फार उकळलं तर तार सुटल्यासारखं होतं. बदामाचं दूध बहुतेक वेळा नुसतं पाणचट असतं. ग्रेव्हीसाठी मी ते सोडूनच दिलं. नारळाचं दूध भरपूर स्निग्ध असतं, पण त्याचा वास लपत नाही. ग्रेव्ही नारळाचीच लागावी अशी इच्छा असेल तरच घ्या.

दूध कोणतंही घ्या, ते बिनसाखरेचं आणि बिनवासाचं हवं. नुसतं ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या खोक्यातही पुष्कळदा साखर असते. व्हॅनिला घातलेलं दूध चुकून ओतलं गेलं तर ती ग्रेव्ही मिरी घालून वाचत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

साहित्य

चौघांपुरती, म्हणजे साधारण अर्धा लिटर ग्रेव्ही होईल असं प्रमाण आहे. टेबलस्पून १५ मिलीचा धरला आहे.

- वास नसलेलं तेल ३ टेबलस्पून
- मैदा ४ टेबलस्पून, सपाट (सुमारे ३० ग्रॅम)
- एक मध्यम कांदा, अगदी बारीक चिरून
- बिनसाखरेचं सोया किंवा ओट दूध ३०० मिली
- भाज्यांचा स्टॉक २०० मिली
- जाडसर कुटलेली मिरी १ चहाचा चमचा
- सोया सॉस अर्धा चहाचा चमचा
- न्यूट्रिशनल यीस्ट (निष्क्रिय केलेल्या यीस्टचे पापुद्रे, पाव फुगवायचं यीस्ट नव्हे) १ टेबलस्पून, मिळालं तर
- मीठ

विकतच्या स्टॉकची खात्री नसेल तर कांदा, गाजर आणि मशरूमचे देठ अर्धा तास उकळून गाळून घ्या. एवढा स्टॉक पुरेसा चवदार होतो. न्यूट्रिशनल यीस्टने चवीला चीजसारखा खोलपणा येतो, पण त्यावाचून अडत नाही.

कृती

जाड बुडाचं भांडं घ्या. पातळ भांड्यात मैदा एका बाजूला करपतो आणि दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो. तेल तापवून कांदा घाला, चिमूटभर मीठ टाका आणि मंद आचेवर ८ ते १० मिनिटं परता. कांदा पूर्ण मऊ होऊन कडांना जेमतेम सोनेरी दिसला पाहिजे. इथे घाई करू नका. लोण्याचा गोडवा आणि खमंगपणा आता कांद्यातूनच यायचा आहे. अगदी गुळगुळीत ग्रेव्ही हवी असेल तर शेवटी ती गाळून घेता येते, चव मागे राहतेच.

आता निम्मी मिरी थेट तेलात टाका आणि अर्धा मिनिट परता. मिरीचा सुवास तेलात उतरतो, म्हणून ती वरून भुरभुरण्यापेक्षा अशी घातलेली जास्त जाणवते.

मग मैदा एकदम घाला आणि सतत हलवत २ ते ३ मिनिटं भाजा. मिश्रण ओल्या वाळूसारखं दिसेल, बुडबुडे येतील आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजल्याचा वास सुटेल. या वासाकडे लक्ष ठेवा, घड्याळाकडे नंतर. भाजताना मैद्याच्या कणाकणाला तेलाचं आवरण बसतं, त्यामुळे पुढे पाणी लागलं तरी कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. मिश्रण कोरडं वाटलं तर चमचाभर तेल वाढवा. कोरडा मैदा कुठे राहिला तर तो गुठळी होऊनच भेटतो.

आता स्टॉक. आच अगदी मंद करा, एक पळी स्टॉक ओता आणि व्हिस्कने जोरात घोटा. मिश्रण लगेच घट्ट गोळ्यासारखं होईल. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. गोळा गुळगुळीत झाला की दुसरी पळी, मग तिसरी. गुठळ्या होतात त्या या पहिल्या तीन पळ्यांतच. इथे धीर धरला तर पुढचं सगळं सोपं आहे. स्टॉक संपला की दूध धार धरून ओता आणि ढवळत राहा.

या वेळी ग्रेव्ही पातळ दिसेल आणि अजून मैदा घालायचा मोह होईल. तो आवरा. गव्हाचा स्टार्च ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगायला लागतो, पण ग्रेव्हीचा खरा दाटपणा ती उकळीला येईपर्यंत कळत नाही. मध्यम आचेवर ढवळत एक उकळी येऊ द्या, मग आच मंद करून ७ ते ८ मिनिटं शिजवा. चमचा बुडवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली तर दाटपणा बरोबर आहे. ताटात वाढल्यावर ती आणखी आळते, म्हणून भांड्यात असताना पळीवाढी, सरसरीतच ठेवा.

शेवटी सोया सॉस, यीस्ट आणि उरलेली मिरी घाला, चव बघून मग मीठ. स्टॉक आणि सोया सॉस दोन्हींत मीठ असतं. सोया सॉसमुळे रंग किंचित मळकट होतो, पण दुधाच्या प्रथिनांनी येणारी भरीव चव त्यातून परत मिळते. लिंबू किंवा व्हिनेगर आवडत असेल तर भांडं खाली उतरवल्यावर दोन थेंब टाका. उकळत्या सोया दुधात आंबट पडलं की ते फाटतं.

सायीसारखी हवी असेल तर

५० ग्रॅम काजूंवर उकळतं पाणी ओतून ते अर्धा तास भिजवा, पाणी टाकून द्या आणि १५० मिली ताज्या पाण्यात अगदी गंधासारखे वाटा. ही पेस्ट १५० मिली दुधाच्या जागी, शिजवण्याच्या शेवटच्या ५ मिनिटांत घाला. काजूत स्टार्च असतो आणि तापल्यावर तो स्वतःच दाट होतो, म्हणून मैदा ३ टेबलस्पूनच घ्या. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणारं कुणी पंगतीत असेल तर काजू नको. त्याऐवजी फ्लॉवरचे तुरे मऊ शिजवून वाटा. ऐकायला विचित्र वाटेल, पण ते पांढरं आणि रेशमासारखं मऊ होतं. सोयाचीही ॲलर्जी असलेली माणसं असतात. तेव्हा ओट दूध घ्या आणि सोया सॉस वगळून मशरूमच्या स्टॉकवर भिस्त ठेवा.

तपकिरी ग्रेव्ही

इथे दुधाची गरजच नसते, फक्त लोणी आणि कधी शेवटी घातलेलं क्रीम टाळायचं असतं. कांदा २५ मिनिटं तरी गडद होईपर्यंत परता. मशरूम आधी कोरड्या तव्यावर टाकून त्यांचं पाणी आटवा आणि मग तेल घाला, नाहीतर ते तांबूस न होता नुसते उकडतात. मैदा बदामी रंगावर भाजा. मात्र मैदा जितका तांबूस होतो तितकी त्याची दाट करण्याची ताकद घटते, कारण उष्णतेने स्टार्चच्या साखळ्या तुटतात. म्हणून इथे मैदा ६ टेबलस्पून आणि तेलही त्या मानाने वाढवून घ्या. द्रव म्हणून अर्धा लिटर स्टॉक. सुके शिताके मशरूम मिळाले तर ते भिजवलेलं पाणी गाळून स्टॉकमध्ये मिसळा.

बिघडली तर

गुठळ्या झाल्या तर गाळा. त्यात कमीपणा काही नाही. पातळ राहिली तर एक चमचा कॉर्नफ्लॉर दोन चमचे थंड पाण्यात कालवून उकळत्या ग्रेव्हीत घाला आणि मिनिटभर शिजवा. कॉर्नफ्लॉर मैद्याच्या जवळजवळ दुप्पट दाट करतं, म्हणून जपून. फार घट्ट झाली तर गरम स्टॉकने सैल करा, दुधाने नको, गोडवा वाढतो. वर तेल तरंगलं तर चमचा चमचा गरम पाणी घालत जोरात घोटा. गोड लागत असेल तर मिरी, चिमूटभर मोहरी पूड आणि भांडं खाली उतरवून व्हिनेगरचा एक थेंब. पिठूळ लागत असेल तर ती अजून शिजलेली नाही. आणखी पाच मिनिटं द्या.

ॲलर्जीच्या माणसासाठी करताना लोणी लागलेला लाकडी चमचा या भांड्यात घालू नका. लाकडात स्निग्धपणा मुरून राहतो. मी त्यासाठी एक चमचा कायमचा वेगळा ठेवला आहे, दांड्याला लाल दोरा बांधून.

उरलेली ग्रेव्ही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, ३ ते ४ दिवस टिकते. वर साय धरल्यासारखा पापुद्रा येऊ नये म्हणून झाकण पृष्ठभागाला टेकेल असं ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवली तर वितळताना पाणी सुटतं. तेव्हा मंद आचेवर दोन चमचे स्टॉक घालून घोटत घोटत चांगली उकळी आणा, बरीचशी पुन्हा एकजीव होते.